‘देव म्हणाला आणि झालं’? उत्पत्तीचा पहिला अध्याय ताडून पाहा

‘बायबलात देव नुसतं “होवो” म्हणतो, शून्यातून सगळं उभं राहतं, निसर्ग मुकाट हुकूम झेलतो आणि शेवटी माणसाच्या हाती ओरबाडायला दिला जातो.’ हा मजकूर सारखा फिरत असतो. त्यातल्या शेवटच्या आरोपाला १९६७ साली ‘सायन्स’ नियतकालिकातल्या लिन व्हाइट या इतिहासकाराच्या लेखाने वजन आलं. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातला हा पहिला अध्याय अवघा ३१ वचनांचा आहे. मूळ मजकूर काय सांगतो?

शून्यातून? पहिली आज्ञा तिसऱ्या वचनात येते. त्याआधीच, दुसऱ्या वचनात, अंधार आणि अथांग पाणी आहे. सुरुवातीच्या आज्ञा वाटणीच्या आहेत: प्रकाश-अंधार, वरचं पाणी-खालचं पाणी, समुद्र-कोरडी जमीन. शून्यातून निर्मितीचा सिद्धान्त पहिल्या वचनावरून मांडता येतो, आज्ञांवरून नाही.

म्हटलं आणि झालं? असं हिब्रू पाठात दोनदाच घडतं: प्रकाश होतो तेव्हा, आणि पाणी एका जागी जमून जमीन उघडी पडते तेव्हा. अंतराळ (म्हणजे आकाश), सूर्य-चंद्र, जलचर, पशू, माणूस यांच्याबाबत आज्ञेनंतर देवाने ते ‘केलं’ किंवा ‘उत्पन्न केलं’ असं वेगळं सांगितलं आहे.

मुकाट निसर्ग? हा आक्षेप सर्वांत कच्चा. ११व्या वचनात वनस्पती उगवण्याचं काम भूमीवर सोपवलं आहे आणि १२व्या वचनात भूमीच ते करते. बी देणारी रोपं, बी असलेली फळझाडं, आपापल्या जातीप्रमाणे. म्हणजे आज्ञा एकदाच, पुढचं चक्र बियांमधून आपोआप. २४व्या वचनात पशूंसाठीही भूमीलाच सांगितलं आहे, पण २५व्यात ते करणारा देव आहे. त्यामुळे २४वं वचन तोडून उत्क्रांतीचा पुरावा म्हणून वापरणारेही घाई करतात. जलचरांना आणि पाखरांना तर २२व्या वचनात थेट आशीर्वाद मिळतो, माणसाच्या आधी.

ओरबाडण्याचा परवाना? २८व्या वचनातलं ‘सत्तेखाली आणा’ मवाळ नाही, आणि लुटीसाठी ते वापरलंही गेलं आहे. पण वाचणारे तिथेच थांबतात. लगेच २९-३०मध्ये खाण्याची हद्द आखली आहे: माणसाला बी देणारी वनस्पती आणि फळं, प्राण्यांना हिरवा पाला. सत्ता प्राण्यांवर दिली, पण मांस ताटात दिलं नाही. ती मुभा जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात मिळते, आणि तिथेही रक्तासकट मांस खायला मनाई आहे. बायबलच्या पुढच्या पुस्तकांतल्या नियमशास्त्रात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आहे. त्या वर्षी आपोआप उगवेल ते गरिबांचं, उरेल ते रानातल्या जनावरांचं. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात शहराला वेढा घालून बसलेल्या सैन्यालाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवता येत नाही. वेढ्याच्या बांधकामाला लाकूड हवंच असेल, तर ज्यांची फळं खात नाहीत तीच झाडं तोडायची.