खांबावरचे मेलेले कॅमेरे

काल रात्री परत विहिरीच्या मोटारीची केबल चोरीला गेली. आमची नाही, बांधाला बांध लागून असलेल्या काकांची. विहिरीपासून पेटीपर्यंतची सगळी, दोन्ही टोकांना कापून. सकाळी नाल्यात जळालेल्या रबराचा काळा ढीग सापडला, हात लावला तर अजून गरम. तांबं तेवढं नेलं. या मोसमात आमच्या शिवारातली ही चौथी चोरी. काकू एवढंच म्हणाल्या, "चोर वावर देखी ग्यात, आते परत येतीन."

आणि त्याच नाल्यावरून गावात येणाऱ्या रस्त्यावर, चौफुलीच्या खांबाला सरकारी निधीतून बसवलेले तीन कॅमेरे लटकलेत! बसवले तेव्हा मंडप काय, नारळ काय, हार काय. पहिल्याच पावसाळ्यात विजा कडाडल्या आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर जळाला. तेव्हापासून बंद. एकावर कोळ्याचं जाळं, एकाची मान मोडून तो सरळ जमिनीकडे तोंड करून लोंबतोय. खांबावरची पाटी मात्र अजून चकचकीत आहे.

दुरुस्तीसाठी किती चकरा मारल्या! तालुक्याला गेलो तर म्हणे हे जिल्ह्याचं काम. जिल्ह्याला गेलो तर म्हणे निधी नवीन कामाला असतो, दुरुस्तीचं हेडच नाही, ग्रामपंचायतीने बघावं. ग्रामपंचायतीने कुठून बघावं? पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) पैशातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेल्या 40 टक्क्यांत रस्ता, दिवाबत्ती, अंगणवाडी, सगळंच. अरे, मग निविदेतच पाच वर्षांची देखभाल का लिहीत नाही? तीन कॅमेरे बसवले की कागदावर गाव सुरक्षित झालं, फोटो गेला, बिल निघालं. पुढे ते चालतात का, हे विचारायला एक माणूस आला नाही.

15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आर. आर. आबा गृहमंत्री होते. तेव्हा निदान गावातली माणसं एकत्र बसायची, समितीला काम होतं. आता सगळा पैसा वस्तूत. रात्री गस्त घालणाऱ्या आमच्या पोरांना काय मिळतं? टॉर्च स्वतःची, शिट्टी स्वतःची, गाडीत पेट्रोल स्वतःचं. कुणी अनोळखी दिसला तर त्याला कसं थांबवायचं, काय विचारायचं, फोन कुणाला करायचा, हे शिकवायला एक दिवसाचं शिबिर नाही.

आणि मला भीती त्याचीच जास्त वाटते. 1 जुलै 2018 ला आपल्याच खान्देशात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, पोरं पळवणारी टोळी आली या अफवेवरून जमावाने भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसं ठेचून मारली. पाच निरपराध माणसं! चोरीने चिडलेलं गाव, हातात काठ्या, डोळ्यांत झोप आणि मोबाइलवर कसलाही मेसेज. उद्या आमच्या चौफुलीवर एखादा वाट चुकलेला माणूस सापडला तर या पोरांना आवरणार कोण? शिबिराला असा काय खर्च येतो? पण शिबिराला पाटी लावता येत नाही ना!

काकांची केळी निसवायला आलीय. वर ऊन हे असं. नवी केबल उधारीवर आणायला ते आज चोपड्याला गेलेत. लाइट रात्री बाराला येणार, म्हणजे आज मी आणि माझा पुतण्या दोघं त्यांच्या विहिरीवर झोपणार आहोत.