घाट, बोगदे आणि पाचवीतलं पोर : 'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता यांस,

टोपणनावाआडून लिहिणाऱ्याला 'श्री.' लावायचं की 'सौ.' हे कळायला मार्ग नाही, तेव्हा मायना एवढाच.

'गाडीला नेव्हिगेशन कोणतं घ्यावं' या माझ्या लेखावर तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमी घाट चढ-उतर करणाऱ्यांनी गाडीतच नकाशे असलेलं मॉडेल बघावं असं मी लिहिलं, ते तुमच्या मते 'शोरूमवाल्याची पत्रकं वाटल्यासारखं' आहे. पुढे तुम्ही म्हणता, 'जीपीएसला नेट लागत नाही, घाटात फोन व्यवस्थित चालतो, हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. आधी अभ्यास करावा, मग ज्ञान पाजळावं.' शिवाय ठिकाण शोधण्यात फोन सरस, नकाशा अपडेटचा खर्च, नकाशातली जुनी नावं, टॉप मॉडेलचे जादा पैसे आणि जीपीएससारखं आपलं स्वदेशी 'नाविक' हे मुद्दे आहेतच.

टीकेचं मला वावडं नाही. टायरवरच्या लेखात लोकांनी मला पार सोलून काढलं होतं, त्या सगळ्या प्रतिक्रिया आजही जशाच्या तशा आहेत. पण 'पत्रकं वाटणं' हा मुद्दा नव्हे, आरोप झाला. ज्या लेखात एकाही गाडीचं नाव नाही, त्यातून नेमकी कोणत्या शोरूमची जाहिरात झाली तेवढं सांगा. आणि त्याच लेखात, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, 'शहरात आणि हमरस्त्यावर फिरणाऱ्याला फोन पुरे, अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर उत्तमच' असं स्वच्छ लिहिलंय (ही दोन्ही फोनचा नकाशा गाडीच्या पडद्यावर आणतात). तिथवर पोचण्याआधीच राग आला असेल तर गोष्ट वेगळी.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो. ठिकाण शोधायच्या बाबतीत फोन सरस आहे. 'अमुक हॉस्पिटलमागची गल्ली' असं अर्धवट टाकलं तरी फोन शोधून देतो, गाडीतल्या पडद्यावर तेच अक्षर अक्षर टिपत बसावं लागतं. हे तुमचं बरोबर. झालं?

आता ते पाचवीतलं पोर.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, हे खरंच आहे. फोनमधला रिसीव्हर उपग्रहांचे संदेश ऐकतो आणि आपण कुठे आहोत ते काढतो, त्यात सिमकार्डाचा संबंध नाही. पण 'मी कुठे आहे' आणि 'मी जाऊ कुठून' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर आकाशातून येतं. दुसऱ्यासाठी नकाशा लागतो, आणि तो फोनमध्ये आधी उतरवून घेतलेला नसेल तर रेंज गेल्यावर तुमच्याकडे उरतो तो करड्या पडद्यावरचा निळा ठिपका. ठिपका अचूक असतो, त्याबद्दल वाद नाही.

पहिलं उत्तरही वाटतं तितकं झटपट येत नाही. कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोन एरवी मोबाइल नेटवर्कवरून आयती घेतो, म्हणून शहरात क्षणात ठिपका उमटतो. नेटवर्क नसताना फोन बंद करून चालू केलात तर तीच माहिती उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि तो ती सेकंदाला ५० बिट या वेगाने देतो. एका उपग्रहाचा तपशील यायलाच अर्धा मिनिट जातो. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. एका बाजूला कडा आणि वर झाडी असली की अर्धं आकाश झाकलेलं, मग आणखी खोळंबा. पाचवीत हे शिकवत असतील तर आनंद आहे.

'मग नकाशा उतरवून घ्या ना!' असं तुम्ही म्हणालच. जरूर घ्यावा. मी स्वतः घेतो. पण किती जण घेतात? मी औषध कंपनीत फिरतीवर होतो. कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हा माझा पट्टा. फोनमध्ये नकाशे यायच्या आधीपासून मी कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली हे घाट भर पावसात उतरलोय, कधी एसटीने, कधी कंपनीच्या गाडीने, नंतर स्वतःच्या. रस्ता विचारायला थांबलेल्या गाड्या मी पाहिल्यात आणि त्यांत हातात महागडा फोन धरून 'रेंज कुठे मिळेल?' असं विचारणारे किती होते ते मला माहीत आहे. तुमचा अनुभव कोणत्या घाटातला आहे, हे तुमच्या प्रतिक्रियेत मला कुठे सापडलं नाही.

गगनबावड्याचंच घ्या. तिथून कोकणात उतरायला दोन घाट फुटतात, करूळ आणि भुईबावडा. २०२४ मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद होता. समजा फोनने घरून निघताना करूळची वाट आखली, तुम्ही नाक्यावर फलक वाचून भुईबावड्याकडे वळलात आणि रेंज गेली. नकाशा उतरवलेला नसेल तर फोन नवी वाट काढू शकत नाही. गाडीतल्या यंत्रालाही घाट बंद असल्याचं कळलेलं नसतं, हे मी लेखातच लिहिलंय. पण त्याचा नकाशा त्याच्या पोटात असतो. तुम्ही वळलात की ते मुकाट्याने नवी वाट मांडतं. नकाशा उतरवून ठेवणाऱ्या दक्ष माणसाच्या फोनलाही हे जमेल. मी ज्यांच्यासाठी लिहितो ती माणसं ऐन वेळी पोरं, डबे आणि देवाचं सामान गाडीत भरून निघतात. त्यांना 'आधी अभ्यास करा' म्हणून झिडकारणं सोपं आहे.

बोगद्यांबद्दल तर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, आणि माझ्या लेखाचा निम्मा भार तिथेच होता. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, मग फोन असो की दोन लाखांची सिस्टीम. चांगल्या इनबिल्ट यंत्रणेला मात्र चाकांच्या फेऱ्या मिळतात आणि गाडी किती वळली ते सांगणारा जायरोस्कोप असतो. अंधारात जिना उतरताना पायऱ्या मोजाव्यात, तशी ती पुढे सरकत राहते. स्टँडवरचा फोन बहुतेक वेळा शेवटच्या वेगावरून अंदाज बांधतो, आणि आत वाहतूक तुंबली की तो अंदाज कोलमडतो. समृद्धीवर इगतपुरीजवळचा बोगदा सुमारे ८ किलोमीटरचा आहे. तिथे चुकायला जागा नाही, एकच वाट. पण मुंबईच्या कोस्टल रोडवर उत्तरेकडे जाताना दोन किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरात अमरसन्स, हाजी अली असे फाटे येऊ लागतात. ठिपका सावरेपर्यंत फाटा मागे पडलेला असतो. मागून येणारा तुम्हाला थांबू देत नाही.

तुम्ही कायद्याचाही दाखला दिलात, की १ ऑक्टोबर २०२० पासून गाडी चालवताना रस्ता बघण्यासाठी फोन वापरायला नियमाने मुभा आहे. आहे. पण अर्धाच नियम सांगितलात. चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरावा, अशी अट त्याच वाक्यात आहे. मे महिन्यात काचेला चिकटवलेला फोन तापतो, पडदा मंद होतो, चार्जिंग थांबतं आणि आपण एका हाताने तो सावलीत धरायला बघतो. ही 'रीत' तुमच्या मते कोणती?

उरलेलं भराभर. 'नाविक' ही इस्रोची उपग्रह प्रणाली आहे, नकाशा नव्हे. तिचा मला अभिमान आहे. २९ मे २०२३ ला तिचा एनव्हीएस-०१ हा उपग्रह गेला तेव्हा मी ते प्रक्षेपण थेट पाहिलंय. पण तिचा रिसीव्हर फोनमध्येही बसवता येतो आणि गाडीतही, त्यावरून दोन्हींत डावं-उजवं ठरत नाही. जुन्या नावांचं म्हणाल तर पडद्यावर छत्रपती संभाजीनगरऐवजी औरंगाबाद दिसलं म्हणून रस्ता बदलत नाही. टॉप मॉडेलचे पैसे ज्याचे त्याने ठरवावेत. त्यात सनरूफही येतं, आणि सनरूफला कोणी फुकटचा पर्याय सुचवत नाही.

अपडेटचा खर्च राहिला. तो गाडीगाडीप्रमाणे बदलतो. काही ठिकाणी पहिली काही वर्षं फुकट, काही ठिकाणी सर्व्हिसिंगला पैसे मोजून. बुकिंगच्या वेळी लेखी विचारून घ्यावं, यापलीकडे मी काय सांगणार?

तुमच्या प्रतिक्रियेतल्या शेवटच्या दोन ओळी मी वगळल्या आहेत. त्या माझ्या वयाबद्दल होत्या, नेव्हिगेशनबद्दल नव्हत्या. बाकीचं सगळं खाली तसंच आहे. पुन्हा लिहिलंत तर उत्तर देईन, मात्र घाटाचं नाव घालून लिहा.