गुलकंदातला कंद आणि केळीचा कंद

खान्देशातल्या रावेर-यावलकडच्या माणसाला 'कंद' म्हटले की आधी केळी आठवते. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे आली, तरी कंद लावून बाग धरणारे शेतकरी आजही आहेत. तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांची जोमदार पिले, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारे कोंब, निवडायची, अर्धा-पाऊण किलोचा निरोगी कंद खणून काढायचा, त्याच्या मुळ्या छाटायच्या आणि मगच तो लावायचा. हा कंद संस्कृतातला, जमिनीखाली फुगणारा. आपला 'कांदा'सुद्धा त्यातूनच आला आहे.

गुलकंदातला 'कंद' मात्र हा नव्हे. गुलाबाच्या झुडपाला असा कंद नसतोच. फारसीत 'गुल' म्हणजे फूल, विशेषतः गुलाब, आणि 'कंद' म्हणजे साखर. गुलाबाच्या पाकळ्या आणि साखर यांचे थर बरणीत भरून ते उन्हात मुरवायचे, ही कृतीच त्या नावात सांगितलेली आहे. कलाकंदातही हीच साखर आहे. इराणमध्ये आजही 'कंद' म्हणजे साखरेचा खडा, आणि तो दातांत धरून त्यावरून चहा पिण्याची तिथे रीत आहे.

आता हा फारसी शब्द परका म्हणावा, तर त्याचे मूळ संस्कृत 'खण्ड' म्हणजे तुकडा, साखरेचा खडा. आपली 'खांड', म्हणजे कच्ची साखर, त्याच शब्दापासून आली. तोच शब्द फारसी आणि अरबीतून युरोपात गेला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'कँडी' झाला. म्हणून गुलकंदाला परभाषेतला ठरवून मराठीतून हद्दपार करण्याचा उत्साह मला अज्ञानाचा वाटतो.

रावेरहून हिंदी मुलखात, बऱ्हाणपूरला गेले की रताळ्याचे 'शकरकंद' होते, आणि तिथे गंमत उलटते: या शब्दात साखर पहिल्या भागात आहे, तर दुसरा भाग आपला जमिनीतला कंद आहे. गुलकंद आणि शकरकंद यांचा शेवट कानाला अगदी सारखा लागतो, तरी त्या दोन 'कंदां'चा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

समरकंदचे तिसरेच. मध्य आशियातल्या जुन्या सोग्दी भाषेत 'कंद' म्हणजे नगर, आणि ताश्कंदच्या शेवटीही तोच अर्थ आहे. तुर्की भाषेत 'केंत' म्हणजे शहर, ते याच शब्दातून. अलेक्झांडरच्या काळातले ग्रीक समरकंदला 'मराकंदा' म्हणत. तरीही समरकंद म्हणजे मुळात 'समरखंड', असे सांगणारे संदेश फिरत राहतात आणि शिकलेली माणसे ते अभिमानाने पुढे पाठवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. संस्कृतचा प्रवास दाखवायला गुलकंद पुरेसा आहे. त्यासाठी समरकंद बळकावण्याची गरज नाही.

निदान आपल्या प्रदेशाच्या नावाबाबत तरी आपण ही काळजी घेतली पाहिजे. खान्देश हे नाव फारुकी सुलतानांच्या 'खान' या पदवीवरून आले, कान्हदेशावरून आले, खांडववनावरून आले, अशा अनेक व्युत्पत्ती सांगितल्या जातात आणि ज्याला जी रुचते ती तो उचलतो. मला त्यांतली कोणती आवडते, याला काडीचेही महत्त्व नाही. कोणते रूप कोणत्या काळच्या लेखात, ताम्रपटात किंवा सनदेत कसे लिहिलेले आढळते, ते आधी समोर ठेवा. मग हवा तेवढा वाद घालू.