ऊन आपलंच, हिशेब कशाला?

शेतातल्या खोलीवर सोलर बसवताय? मग आधी कागद-पेन लपवून ठेवा. आपण सोलापूरकर. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, तिथं बसून पंख्याचे वॅट मोजायचे म्हणजे उन्हाचा अपमान. सरळ मेव्हण्याला फोन लावा. "दाजी, ५४० वॅटचं पॅनेल घ्या की, सगळ्यात मोठ्ठं!" झालं डिझाइन.

पॅनेलवरचे वॅट २५ अंशांवर मोजलेले असतात, पत्र्यावर ते पासष्टीला तापलं की साधारण चौदा टक्के वीज तिथंच गळते, असं कुणी सांगू लागलं तर त्याच्या हातात मठ्ठ्याचा ग्लास द्या आणि उजनी धरणाच्या पाण्यावर बोला.

आता कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीत बेतानं भरणारा डबा. जादा व्होल्टचे अँपिअर करून देणारा एमपीपीटी महाग, ते न करणारा पीडब्ल्यूएम स्वस्त. दिवा दोन्हींवर हिरवाच लुकलुकतो, मग जादा पैसे कशाचे? स्वस्तातला उचला आणि १२ व्होल्टच्या एकाच बॅटरीला जोडा. पॅनेलची तयारी ४१ व्होल्टला १३ अँपिअर द्यायची. पीडब्ल्यूएम त्याला ओढून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणतो, अँपिअर मात्र वाढवत नाही. तेरा तेरं एकशे एकोणसत्तर. पैसे ५४० वॅटचे, वीज १६९ वॅटची, उरलेल्या पॅनेलची सावली. सोलापुरात सावलीलाही मोल आहेच म्हणा. त्यात कंट्रोलरवर बारीक अक्षरात 'कमाल ५० व्होल्ट' लिहिलं असेल तर वाचू नका. जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे गारठा पडला की ऊन येताच, अजून वीज न ओढलेल्या मोकळ्या पॅनेलचा व्होल्टेज पन्नाशी ओलांडतो, मग धूर स्वतःच वाचून दाखवतो.

बॅटरी १५० अँपिअर-अवरची, म्हणजे १.८ युनिट. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, हे तिला सांगू नका. ठेवा पत्र्याच्या शेडमध्ये. दर दहा अंश जादा उष्णतेला आयुष्य निम्मं होत जातं, तेवढी नवी घ्यायची वेळ लवकर येते. कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीस वॅटमध्ये फिरतो, पण माळ्यावरचे जुने पंचाहत्तर वॅटचे दोन फुकट आहेत ना?

वायर घरातली उरलेली दीड एमएमची. बाराच्या बॅटरीतून हजार वॅट काढायचे तर ऐंशीच्या वर अँपिअर लागतात. वायर तापली तर तापली, भाकरी कडक होईल. एमसीबी, म्हणजे गडबड झाली की वीज तोडणारा स्विच, तोही एसीचाच, म्हणजे मीटरच्या विजेचा लावा. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. सोलर-बॅटरीच्या डीसीला तशी सवय नाही, तिथं ठिणगी पेटली की पेटलेलीच राहते. अंधारात तेवढाच उजेड.

रात्री दहाला पंखे लावा. तीनच्या सुमारास दोन्ही थांबतील. घामाघूम होऊन मेव्हण्याला फोन करा. तो झोपेतच म्हणेल, "अजून एक पॅनेल टाका की, दाजी." त्याच्या मागं पंख्याचा आवाज नीट ऐकू येईल. त्याच्याकडं मीटरची लाइट आहे.