भुताचा पिक्चर दुप्पट स्पीडने बघणाऱ्यांसाठी

आज सकाळी ओळखीतल्या एका गृहस्थांनी एका कमी बजेटच्या भयपटाचा रिव्ह्यू टाकला. चार ओळी. "दहा मिनिटांत कंटाळलो. अभिनय शून्य, भूत विनोदी, कॅमेरा हौशी. वेळ वाया घालवू नका." पाचपैकी अर्धा स्टार. खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. कुणीतरी बिचाऱ्याने विचारलं, पुढे काही होतं का? तर उत्तर, "पुढचा दुप्पट स्पीडने पळवला, काही नाहीये."

दुप्पट स्पीडने. भुताचा पिक्चर.

तेव्हापासून डोकं फिरलंय. दुपारपर्यंत गप्प बसले, म्हटलं जाऊ दे, दुसऱ्याच्या वॉलवर भांडण नको. ही माझी वॉल आहे, तेव्हा आता ऐका.

कमी पैशात हॉरर करणाऱ्याकडे असतं काय? स्टार नाही, सेट नाही, कॉम्प्युटरवर राक्षस उभा करून देणारी फौज नाही. फुकट मिळणाऱ्या तीन गोष्टी तेवढ्या असतात: अंधार, शांतता आणि वेळ. बोळाच्या टोकाला एक दार अर्धवट उघडं ठेवायचं, कॅमेरा हलवायचा नाही आणि तुम्हाला ताटकळत ठेवायचं. एवढीच त्याची पुंजी. तुम्ही ते ताटकळणंच निम्म्यावर आणलंत. मग उरला काय, रबरी मुखवटा. आणि वर तक्रार तुमचीच, की मुखवटा रबरी आहे!

माझी आणि मामेभावाची गोष्ट इथल्या निम्म्या लोकांना पाठ आहे. तरी परत सांगणार. दादा म्हणजे भुताच्या प्रत्येक पिक्चरमध्ये मोठमोठ्याने कॉमेंट्री करणारा माणूस. आम्ही दिवे घालवून एक पिक्चर लावला होता. नाव सांगत नाही, तुम्ही शोधून दहा मिनिटं बघाल. एक घर, चार माणसं, त्यातला एक नक्की दिग्दर्शकाचा मेहुणा. बऱ्याच वेळाने जिन्यावरून पांढऱ्या गाउनमधलं भूत उतरतं. केस मोकळे, डोळे वटारलेले, हात पुढे केलेले आणि मनगटावर घड्याळ. काळ्या पट्ट्याचं, चांगलं मोठं. दादाने तिथेच थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. "शिफ्ट संपायची वाट बघतेय गं ती," म्हणाला. हसून हसून पोट दुखायला लागलं.

त्याच पिक्चरमध्ये पुढे एक रिकामा पॅसेज येतो. टोकाला दार, बोटभर उघडं. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवलेला. कुणी येत नाही, कुणी जात नाही. मागे कुठेतरी फ्रिजची घरघर चालू असते. आपलं तिच्याकडे लक्षही नसतं. आणि ती थांबते. बस, एवढंच. दादा काही बोलला नाही. रिमोट त्याच्याच हातात होता, पुढे ढकलता आलं असतं. नाही ढकललं. रात्री पलीकडच्या खोलीतून हाक आली, "झोपलीस का गं?" पॅसेजमधला दिवा सकाळपर्यंत चालू होता.

घड्याळवालं भूत आणि तो पॅसेज एकाच पिक्चरमधले आहेत. त्याच माणसांनी केलेले. मला या प्रकाराचं जे वेड आहे ते नेमकं इथे आहे, आणि ते दहा मिनिटांत हाती लागत नाही.

स्पीडचंच म्हणाल तर ओरेन पेलीचा 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' घ्या, २००७ चा. स्वतःच्या राहत्या घरात, साधारण १५ हजार डॉलरमध्ये केलेला. बेडरूममध्ये ट्रायपॉडवर कॅमेरा, कोपऱ्यात वेळेचे आकडे, पलंगावर झोपलेलं जोडपं. एका रात्री ती उठते आणि पलंगाशेजारी उभी राहून त्याच्याकडे बघत राहते. नुसती उभी. मग कोपऱ्यातले आकडे पळायला लागतात आणि आपल्याला कळतं की ही बाई तासन् तास तशीच उभी आहे. तिथे स्पीड दिग्दर्शकाने वाढवलाय, कुठे वाढवायचा हे त्याला कळतं म्हणून. तुम्ही त्याच्यावर आणखी दुप्पट लावणार? लावा बापडे.

आणि १९६२ चा 'कार्निव्हल ऑफ सोल्स'. याच्याबद्दल मी इतक्यांदा लिहिलंय की आता लोक मला टॅग करून चिडवतात. त्याचा दिग्दर्शक हर्क हार्वी पोटापाण्यासाठी शाळांना आणि कारखान्यांना दाखवायच्या माहितीपर फिल्म्स करायचा. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेक या सरोवराच्या काठी सॉल्टेअर नावाचा एक जुना मंडप ओसाड पडला होता. तो त्याला दिसला आणि पिक्चर तिथून सुरू झाला. म्हणजे आधी जागा, मग गोष्ट. तोंडाला पांढरा रंग फासून भूत स्वतःच झाला. आवाज कुठेकुठे ओठांशी जुळत नाही, हे मलाही दिसतं. पण त्यात एक प्रसंग आहे. नायिका दुकानात कपडे बघत असते आणि अचानक आजूबाजूचे सगळे आवाज जातात. ती बोलते, समोरच्याला ऐकूच जात नाही. माणसं तिच्याजवळून निघून जातात. पुढे बागेत एक पक्षी ओरडतो आणि जग पुन्हा चालू होतं. आवाज काढून टाकायला किती खर्च आला असेल हो? हार्वीने पुन्हा कधी पूर्ण लांबीचा पिक्चर केला नाही. मला याचं दर वेळी वाईट वाटतं, अगदी घरातलं कुणी असल्यासारखं.

हे लिहिताना राग जरा निवळलाय. पण थांबा.

दहा मिनिटांत बंद करणाऱ्यांसाठी जपान्यांनी २०१७ साली एक सापळाच लावून ठेवलाय, 'वन कट ऑफ द डेड'. पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट. आणि ती ३७ मिनिटं, खरं सांगते, अवघडल्यासारखी जातात. नट मध्येच घुटमळतात, नको तिथे गप्पा मारत बसतात. अर्धा स्टार द्यायला जे जे लागतं ते सगळं त्यात आहे. पुढे काय होतं ते मी मेले तरी सांगणार नाही. एवढंच सांगते की त्या प्रत्येक घुटमळण्याचा हिशेब चुकता होतो. आमच्या सकाळच्या गृहस्थांनी तो बघितलाच असेल तर दहा मिनिटं बघितला असेल. जन्मभर सगळ्यांना सांगत फिरतील, भिकार होता म्हणून.

आता काही जण म्हणतील, अगं पण तूही हसतेसच की घड्याळावर. हसते! दाबून हसते. त्यासाठी तर बघते. 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'चं शूटिंग व्हायच्या आधीच बेला लुगोसी, म्हणजे जुन्या पिक्चरमधला ड्रॅक्युला, वारला. दिग्दर्शक एड वुडकडे त्याचं थोडंसं आधी घेतलेलं शूटिंग होतं. बाकीच्या प्रसंगांत त्याने बायकोच्या ओळखीचा एक कायरोप्रॅक्टर, म्हणजे पाठीचे मणके बसवणारा, उभा केला, जो लुगोसीसारखा मुळीच दिसत नव्हता. म्हणून तो गडी अख्ख्या पिक्चरभर तोंडासमोर झगा धरून फिरतो. यावर जो हसत नाही त्याने हॉररच्या वाटेला जाऊ नये. पण हे हसू शेवटपर्यंत बसून राहिलेल्याचं असतं. झगा पहिल्यांदा दिसतो तेव्हा गंमत वाटते, पुन्हापुन्हा दिसला की त्या माणसाच्या हाताची काळजी वाटायला लागते.

आपल्याकडे हिंदीत भुताचे पिक्चर काढणाऱ्या रामसेंचंही हेच. सात भाऊ, कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी आवाज, कुणी लेखन. घरच्या घरी युनिट. 'पुराना मंदिर' १९८४ चा. त्यातल्या गाण्यांची आणि विनोदी उपकथानकाची टर उडवणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, ते मलाही सहन होत नाही. पण अनिरुद्ध अग्रवालने केलेला त्यातला राक्षस, सामरी, पडद्यावर नुसता उभा राहतो तेव्हा बघा. त्या चेहऱ्यावर आणि त्या उंचीवर प्रकाश कुठून टाकायचा हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. मोबाइलवर, दुप्पट स्पीडने, इअरफोन एकाच कानात... जाऊ दे.

हो, यातले पुष्कळ पिक्चर खरोखर टाकाऊ असतात, मान्य. आणि बाईला मारायच्या आधी अंघोळीला पाठवल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांची वकिली मी करत नाहीये.

लोक विचारतात, असल्या पिक्चरवर दोन-दोन पानं काय लिहितेस? अहो, यांच्यावरच तर लिहायला मिळतं! मोठ्या पिक्चरमध्ये सगळं इतकं गुळगुळीत की बोट ठेवायला जागा नाही. इथे माणसं काम करताना दिसतात. मी आधी कान लावते. चित्र अंधुक असलं तर डोळे सवय करून घेतात, पण आवाज फसला की बघणारा आत शिरतच नाही, आणि हात आखडता घेतला जातो तो बहुतेक वेळा आवाजावरच. मग रात्रीचे प्रसंग बघते. भर दुपारी शूट करून वर निळी झाक मारलेली रात्र लगेच ओळखू येते: आकाश काळंनिळं आणि माणसांच्या पायाशी कडक उन्हाच्या सावल्या. हे मी लिहिते. आणि मग हेही लिहिते की त्याच खोट्या रात्री मुलगी मागे वळून बघते तेव्हा माझा श्वास अडकला. दोन्ही लिहायचं. नुसतं पहिलं लिहिणं हा रिव्ह्यू नाही, ती चहाडी झाली.

शेवटची नावं मी कधी सोडत नाही. एकच आडनाव पुन्हापुन्हा येतं. मेकअप केलेली बाईच तिसरं प्रेत असते. आभारांमध्ये आई-बाबा असतात, ज्यांच्या घराच्या भिंती लाल रंगाने माखल्या त्या आई-बाबांचे आभार. मला त्या नावांपाशी थोडं भरून येतं, हसायचं तर हसा. कुणीतरी सुट्ट्या टाकल्या, मित्रांना पकडून आणलं, रात्र-रात्र जागून एक माणूस जिन्यावरून उतरवला. तिचं घड्याळ काढायचं राहिलं. राहिलं तर राहिलं! ती बाई बहुधा भूत होण्याआधी तासभर दिवे धरून उभी असेल.

दादाला आज तो रिव्ह्यू पाठवला. त्याचं उत्तर: "त्यांना तो पॅसेज दाखव. रिमोट मात्र तुझ्याकडे ठेव." हा तोच माणूस, ज्याने घड्याळ पहिल्यांदा बघितलं आणि वर्षानुवर्षं त्या भुताची नक्कल केली. अजूनही करतो, मनगट बघत जिना उतरतो.

तर माझ्या यादीतल्या समस्त रिव्ह्यूकारांना एकच सांगणं. आवडला नाही तर झोडा. मीही झोडते, गेल्याच आठवड्यात एका पाणभुताची सालटी काढली होती. पण आधी पूर्ण बघा, आहे त्या स्पीडने, दिवे घालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. ते जमणार नसेल तर "बघितला नाही" एवढं लिहा, तेही चालतं. अर्धा स्टार देऊ नका. दहा मिनिटांचं काय अर्धं?

रविवारी मी एका तळघरवाल्या पिक्चरवर लिहिणार आहे. त्यातला राक्षस उघड-उघड गालिचा आहे, हे मला माहीत आहे, कमेंटमध्ये सांगू नका. आणि सकाळच्या त्या गृहस्थांना कुणी ही पोस्ट दाखवणार असाल तर खुशाल दाखवा. पण पूर्ण वाचायला सांगा.