‘संधी मिळाली’ हा शब्दप्रयोग खटकला

२०२४ मध्ये पीडब्ल्यूएचएल ही उत्तर अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि महिला आइस हॉकीपटूंना ‘अखेर करिअरची संधी मिळाली’, हे अमेरिकेची आइस हॉकीपटू हिलरी नाइट हिच्यावरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. ही संधी कुणी हातात आणून दिलेली नाही. कॅनडाची सीडब्ल्यूएचएल ही महिलांची लीग २००७ पासून चालू होती, पण खेळाडूंना मानधन मिळायला २०१७ उजाडलं, आणि तेही मोसमाला २ ते १० हजार कॅनेडियन डॉलर! अमेरिकेतल्या एनडब्ल्यूएचएल या महिलांच्या लीगने पगार दिले खरे, पण २०१६ मध्ये मोसम ऐन रंगात असताना ते कापलेही.

जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या केंडल कॉइनने एनएचएल या पुरुषांच्या लीगच्या ऑल-स्टार स्पर्धेत पुरुषांबरोबर वेगाच्या शर्यतीत १४.३४६ सेकंदांत फेरी पूर्ण केली. ती मी पाहिली आहे. शेवटच्या वळणावरही तिचा वेग तसूभर कमी झाला नव्हता. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच सीडब्ल्यूएचएलने गाशा गुंडाळला. तेव्हा तिच्यासह दोनशेवर खेळाडूंनी ‘असल्या अटींवर उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याच लीगमध्ये खेळणार नाही’ असं जाहीर केलं. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी पणाला लावली (खेळाडूच्या आयुष्यात ती असतात तरी किती?), आणि काहींची कारकीर्द तर त्यातच संपली. पुढे किमान पगार, विमा, गरोदरपणातले हक्क हे सगळं पहिला सामना होण्याआधी करारात लिहून घेतलं, ते खेळाडूंच्या संघटनेने. हिलरी नाइटवर एवढं भरभरून लिहिताना त्या बहिष्काराला, ज्यात ती स्वतः आघाडीवर होती, एक ओळही मिळू नये?