ऊन लागू नये म्हणून सगळं, डोकं फुटू नये म्हणून काहीच नाही

गाडीवर बसताना अंगावर जास्तीचं काही चढवायचा लोकांना कंटाळा असतो, हे मला अजिबात पटत नाही. एप्रिलमधल्या दुपारी आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडच्या सिग्नलला उभं राहून बघा. डोक्याला आणि तोंडाला गच्च गुंडाळलेला स्कार्फ, त्यावर गॉगल, दंडापर्यंत चढवलेले हातमोजे, कुर्त्यावर सनकोट, पायात अंगठा वेगळा असलेले मोजे. सख्खी आई शेजारच्या गाडीवर असली तरी ओळखणार नाही. हे सगळं बांधायला वेळ लागतो आणि आम्ही बायका तो रोज काढतो, कितीही उशीर झालेला असला तरी. एवढ्या बंदोबस्तात हेल्मेट कुठे आहे? डिकीत. नाहीतर घरी, कपाटावर.

पुरुषांनी हसू नये. डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की अंबड एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेली मंडळी बघा. माकडटोपी, वरून मफलर, जर्किनच्या आत छातीला कालचा पेपर, हातात लोकरीचे मोजे. हेल्मेट आरशाला टांगलेलं. पावसाळ्यात तर रेनकोटच्या पँटमध्ये बुटासकट पाय घालायची कसरत आपण भर रस्त्यात एका पायावर उभं राहून करतो. मोबाइलसाठी वेगळी प्लॅस्टिकची पिशवी असते, ती कधी विसरत नाही.

म्हणजे गाडीवर बसण्यासाठी वेगळे कपडे आपण घालतोच. फक्त जे नक्की होणार त्यासाठी घालतो. ऊन लागणार हे नक्की, थंडी वाजणार हे नक्की, भिजणार हेही नक्की. पडण्याचं तसं नाही. रोज हेल्मेटशिवाय जातो, रोज धडधाकट घरी येतो, आणि प्रत्येक सुखरूप फेरी कानात सांगते की बघ, काही अडलं का? त्यामुळे 'हेल्मेट घाला, जीव वाचवा' हे फलक मला वाया गेलेले पैसे वाटतात. हेल्मेटने जीव वाचतो हे माहीत नाही असा माणूस नाशकात मला अजून भेटायचा आहे.

मग सक्ती करून होतं का? थोडं होतं. १५ ऑगस्ट २०२१ला आपल्याकडे पोलिसांनी 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं, तेव्हाचे पंप आठवा. पेट्रोल भरून झालेला माणूस आपलं हेल्मेट मागच्या अनोळखी माणसाला द्यायचा. तो ते कपाळावर टेकवून शंभरचं पेट्रोल टाकायचा आणि 'थँक्यू दादा' म्हणून परत करायचा. कोरोनाचे दिवस. एरवी दुसऱ्याचा पेन हातात धरत नव्हतो आपण, पण हेल्मेट या डोक्यावरून त्या डोक्यावर बिनधास्त फिरत होतं! सातपूर एमआयडीसीत आमच्या लायनीतल्या बऱ्याच कंपन्यांत हेल्मेटशिवाय गेटमधून आत सोडत नाहीत. त्यामुळे गेटच्या अलीकडच्या वळणावर रोज सकाळी गाड्यांची रांग थांबते. हेल्मेट डोक्यावर, गेट पार, पार्किंगमध्ये हेल्मेट हँडलला. घर ते वळण हा सगळा रस्ता मोकळ्या डोक्याने.

माझा सक्तीला विरोध नाही, हे स्पष्ट सांगते. 'माझं डोकं, माझी मर्जी' म्हणणाऱ्याचं डोकं फुटलं की दवाखान्यात त्याचा भाऊ धावतो, बायको दागिने मोडते, आणि आपल्या जिल्ह्यात तर ऑपरेशनसाठी द्राक्षबाग गहाण पडते. मर्जी त्याची एकट्याची असेल, बिल एकट्याचं नसतं. पण सक्तीने डोक्यावर टोपलं येतं, त्याचा पट्टा लागत नाही. आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना तुमच्याआधी रस्त्यावर पोचतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली जवळपास ७५ हजार दुचाकीवरची. मेलेल्यांपैकी ५० हजार २९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. आता यातला मला सगळ्यात जास्त खुपणारा आकडा: या ५० हजारांतले १४ हजार ३३७ मागे बसलेले होते.

मागे कोण बसतं आपल्याकडे? बायको, आई, मुलगी. पुढे नवरा फुल फेस हेल्मेटमध्ये, मागे बायको एका बाजूला पाय सोडून, एका हातात पिशवी, दुसरा हात त्याच्या खांद्यावर, दोघांच्या मध्ये झोपलेलं पोर. चलान पुढच्याला बसतं, म्हणून हेल्मेट पुढच्याला. कायदा असं म्हणत नाही बरं का. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ पुढच्या-मागच्या दोघांनाही लागू आहे. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलासाठी तर १५ फेब्रुवारी २०२३पासून पट्ट्याचा हार्नेस आणि छोटं हेल्मेट दोन्ही लागतं, आणि मूल गाडीवर असताना वेग ४०च्या वर न्यायचा नाही. हा हार्नेस तुम्ही कोणाच्या पोराला बांधलेला पाहिलाय? मी नाही.

एक गंमत त्यात. गाडीच्या मागच्या चाकाला जी जाळी असते, जिला आपण साडीगार्ड म्हणतो, ती केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमामुळे असते. मागच्याचे कपडे अडकू नयेत म्हणून चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, धरायला हँडल हवं, पाय ठेवायला जागा हवी. शोरूममधून गाडी आणल्या आणल्या हीच जाळी काढून टाकणारे वीर आहेत, का तर गाडी 'स्पोर्टी' दिसत नाही! आणि मग तिच्यावर ओढणीवाल्या बहिणीला बसवून क्लासला सोडतात.

आता 'इथेच तर जायचंय' या प्रकाराकडे येते. गंगापूर रोडवरून दूध आणायला हेल्मेट कशाला, गाडी तीसच्या वर जातच नाही. बरं. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. दीड मीटरवरून खाली आलेली कोणतीही वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. हा गाडीचा वेग नाही, नुसत्या पडण्याचा आहे. म्हणजे पंचवटीत मार्केट यार्डाबाहेर कोबीच्या ओल्या पाल्यावर चाक सरकलं आणि गाडी जागच्या जागी आडवी झाली, तरी डोकं त्याच वेगाने फुटपाथच्या कडेवर आपटू शकतं. हेल्मेटच्या आतला जाड थर्माकोल एवढंच करतो की डोकं एकदम थांबू देत नाही. स्वतः दबतो आणि थांबायला थोडा अवधी देतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत असलं तरी टाकून द्यायचं, तो थर्माकोल दुसऱ्यांदा तितका दबत नाही. २००८ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. शंभर टक्के नाही. पण इतका फायदा एखाद्या गोळीत असता तर आपण ती दुधातून घेतली असती.

बायकांच्या तक्रारी मात्र खऱ्या आहेत, त्यांना नखरे म्हणू नका. केस हा पहिला मुद्दा. अंबाडा किंवा क्लचर लावून हेल्मेट नीट बसतच नाही, वर तरंगतं. क्लचर तर मुळीच नको, आपटलं तर ते मागून डोक्यातच घुसायचं. मानेपाशी सैल वेणी हाच उपाय, गजरा ऑफिसात पोचल्यावर. दुसरं, जाड स्कार्फवर हेल्मेट चढवलं की ते घसरतं. त्याऐवजी पातळ सुती बॅलाक्लाव्हा, म्हणजे माकडटोपीसारखा आतून घालायचा टोप, मिळतो, तोंड-मान झाकतो, घाम शोषतो, रोज धुता येतो. ऊनही लागत नाही. तिसरं म्हणजे हेल्मेट ठेवायचं कुठे? डॉक्टरकडे, बँकेत, लग्नात, सगळीकडे तो भोपळा काखेत घेऊन हिंडायचं. गाडीला लावून गेलं तर चोरीला जातं. माझं म्हणणं आहे की जी ऑफिसं आणि मंगल कार्यालयं चपलांसाठी स्टँड ठेवतात, त्यांनी हेल्मेटसाठी चार खुंट्या ठोकायला काय हरकत आहे? पोलिसांच्या दहा मोहिमांपेक्षा त्या खुंट्यांनी जास्त हेल्मेटं डोक्यावर येतील असं मला वाटतं.

आणि रविवारच्या रायडर मंडळींबद्दल बोलायचं राहिलंच. आमच्या घरात एक आहेत, त्यामुळे हक्काने बोलते. सापुतारा किंवा त्र्यंबकला निघायचं असलं की पहाटे पाचला आरशासमोर लढाईची तयारी. कोपराला, खांद्याला, पाठीला पॅड असलेलं जॅकेट, गुडघ्याला गार्ड, घोट्याच्या वरपर्यंत बूट, बोटांच्या पेरांवर कडक कवच असलेले ग्लोव्हज. फोटो झकास येतात. हेच गृहस्थ सोमवारी बर्म्युडा आणि स्लिपरवर मुलाला क्लासला सोडायला निघतात, द्वारका चौकातून, जिथे बस, ट्रक आणि रिक्षा एकमेकांना तोंड दाखवत उभ्या असतात. आठवड्यातून एकदा पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर सगळं अंगावर, आणि उरलेले दिवस भर गर्दीत काहीच नाही. मी विचारलं तर म्हणतात, 'अगं, तिथे हायवे असतो.'

उलट बाजूनेही त्यांच्या ग्रुपचं एक मला पटत नाही. गिअर, म्हणजे हा हेल्मेट-जॅकेट-गार्डचा साज, घालायचं तर सगळंच, नाहीतर तुम्ही रायडरच नाही. चांगलं जॅकेट पाच-सहा हजारांच्या खाली येत नाही. डिलिव्हरीची गाडी चालवणाऱ्या मुलाला हे सांगून बघा. चाळीस अंशांत सातपूर ते सिडको रोज जाणाऱ्याला पूर्ण सूट घाल म्हटलं की तो काहीच घालत नाही. माझा क्रम असा. हेल्मेट, हनुवटीसकट झाकणारं, कारण माणूस बऱ्याचदा तोंडावरच पडतो. मग बंद बूट. त्या बाबतीत एमआयडीसीतले कामगार आपल्या सगळ्यांच्या पुढे आहेत, सेफ्टी शूज घालूनच घरून निघतात. मग ग्लोव्हज, चामड्याचा तळवा असलेले, कारण पडताना पहिले टेकतात ते तळहात. तळव्याची साल निघाली की पुढचे कित्येक दिवस पोळी लाटणं सोडा, नळ फिरवता येत नाही. जॅकेट लांब, घोटी गावाच्या पुढे जाणार असाल तर. जमलं तर जाळीचं घ्या, वारा आत येतो.

खरेदीला जाणार असाल तर रस्त्याकडेला दोनशे-तीनशेला मिळतं ते घेऊ नका, ते फक्त पोलिसांसाठी असतं. आयएसआय खुणेबरोबर आयएस ४१५१ हा हेल्मेटच्या मानकाचा आणि सीएम/एल हा कंपनीच्या लायसन्सचा नंबर छापलेला असतो. हा लायसन्सचा नंबर बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकला की लायसन्स खरं की खोटं ते कळतं. दुकानातच पट्टा लावा आणि हेल्मेट मागच्या कडेने वर उचलून पुढे ढकलून बघा. निघून हातात आलं तर ते माप तुमचं नाही, दुकानदार काहीही म्हणो. काच घासलेली असेल तर नवी टाका. रात्री समोरच्याच्या अपर लाइटमध्ये घासलेल्या काचेतून काही दिसत नाही आणि मग लोक हेल्मेटलाच शिव्या देतात.

शेवटी माझं काम. बायकांच्या मापाचे, चामड्याच्या तळव्याचे ग्लोव्हज नाशकात कुठे मिळतात? मी गेले त्या दुकानांत पुरुषांचा 'स्मॉल' दाखवतात आणि 'ताई, वापरून सैल-घट्ट होईल आपोआप' म्हणतात. बोटांच्या टोकाला अर्धा इंच रिकामा राहिला की ब्रेकच धरता येत नाही. ऑनलाइन मागवलेले दोनदा परत केले. कुणी घालून बघितले असतील तर दुकान आणि माप दोन्ही कमेंटमध्ये लिहा. गुलाबीच पाहिजेत असं काही नाही.